‘अनहॅलोड’ची उसनवारी आणि तिची लोकप्रियता

लातूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील चार विद्यार्थ्यांनी मिळून मला एक प्रश्न पाठवला आहे आणि सोबत स्वतःच्या तीन गाण्यांचे कच्चे ध्वनिमुद्रणही जोडले आहे. अमेरिकेतील ‘द ब्लॅक डालिया मर्डर’ या बँडचा २००३ सालचा ‘अनहॅलोड’ हा पहिला पूर्ण अल्बम त्यांना मनापासून आवडतो. परंतु त्यांच्या एका ज्येष्ठ मित्राने त्यांना सुनावले, की हा अल्बम म्हणजे स्वीडनच्या ‘ॲट द गेट्स’ या बँडच्या १९९५ सालच्या ‘स्लॉटर ऑफ द सोल’ची निव्वळ नक्कल आहे. त्यांनी दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले आणि मित्राचे म्हणणे त्यांना खोटे ठरवता आले नाही. मग ही नक्कल इतक्या लोकांना का आवडली, ती आम्हाला आवडते हा आमच्या कानांचा दोष आहे का, आणि आमची गाणीही तशीच वाटत असतील तर ती नीट ध्वनिमुद्रित करण्यात काही अर्थ आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली वीसहून अधिक वर्षे छत्रपती संभाजीनगरात गिटार शिकवतो आणि घराच्या मागच्या दोन खोल्यांत छोटा स्टुडिओ चालवतो. जालना, बीड, परभणीकडून मेटल, म्हणजे जड आवाजाचे रॉक संगीत, वाजवणारी मुले येथे येतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पहिल्या गाण्यात मला गोथेनबर्ग, म्हणजे ‘ॲट द गेट्स’चे स्वीडिश शहर, ऐकू येते, मग त्या मुलांना ते शहर नकाशावर दाखवता येवो अथवा न येवो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. तुमच्या मित्राचे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. उसनवारी झाली आहे हे सिद्ध केल्यावर काम संपत नाही. काय उसने घेतले, काय घेता आले नाही आणि जे घेता आले नाही तेथे त्या बँडने काय केले, हे पाहिल्याशिवाय ‘अनहॅलोड’बद्दल काहीही ठरवता येणार नाही, आणि तुमच्या गाण्यांबद्दलही नाही.

प्रथम ज्याची नक्कल झाली असे म्हणतात, ते मूळ काय होते ते पाहू. १९९० च्या आसपास स्वीडनमध्ये डेथ मेटलचे, म्हणजे गुरगुरत्या गळ्याच्या सर्वांत जड मेटलचे, मुख्य केंद्र स्टॉकहोम होते. ‘एन्टूम्ड’ या बँडचा १९९० मध्ये आलेला ‘लेफ्ट हँड पाथ’ तेथील सनलाइट स्टुडिओत तयार झाला आणि बॉस कंपनीच्या एचएम-२ या पेडलची, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाजवळच्या उपकरणाची, बटणे शेवटपर्यंत फिरवून काढलेला, करवतीसारखा फाडत जाणारा गिटारचा आवाज त्या शहराची ओळख बनला. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोथेनबर्गमधील मुले याच काळात डेथ मेटल वाजवू लागली होती, परंतु त्यांच्या कानांत ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश बँडच्या जोडगिटारही तितक्याच मुरलेल्या होत्या. तेथे नगरपालिकांच्या संगीतशाळांमुळे सामान्य घरातल्या मुलालाही वाद्य शिकायला मिळत असे, आणि या वादनामागे ती तालीम आहे असे मी मानतो. १९९३ मध्ये लिव्हरपूलच्या ‘कार्कस’ने ‘हार्टवर्क’ काढून दाखवून दिले, की गुरगुरत्या गळ्याखाली गुणगुणता येईल अशी सुरावट चालू शकते. त्यानंतर गोथेनबर्गच्या तीन बँडांचे अल्बम आले: १९९५ मध्ये ‘डार्क ट्रँक्विलिटी’चा ‘द गॅलरी’ आणि ‘ॲट द गेट्स’चा ‘स्लॉटर ऑफ द सोल’, तर १९९६ मध्ये ‘इन फ्लेम्स’चा ‘द जेस्टर रेस’ प्रसिद्ध झाला. ज्या प्रकाराला आपण मेलोडिक डेथ मेटल म्हणतो, त्याचा पाया या तीन अल्बमांनी पक्का केला.

हे तिन्ही अल्बम फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रॉम यांच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये तयार झाले. ‘डार्क ट्रँक्विलिटी’च्या पहिल्या अल्बमवर अँडर्स फ्रिडेन गायला आणि तोच पुढे ‘इन फ्लेम्स’चा गायक झाला, ‘इन फ्लेम्स’च्या पहिल्या अल्बमवर मिकाएल स्टाने गायला, जो आज ‘डार्क ट्रँक्विलिटी’चा गायक म्हणून ओळखला जातो. म्हणजे आपण ज्यांना मूळ मानतो त्यांचा स्टुडिओ एक होता, ध्वनिमुद्रण करणारा हात एक होता आणि गायकही आळीपाळीने एकमेकांकडे जाऊन आले होते. एका गल्लीत तीन घरी एकाच विहिरीचे पाणी जावे, तशी ती अवस्था होती. त्यामुळे ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ यांच्यामध्ये तुमचा मित्र जी सरळ रेघ ओढतो, ती गोथेनबर्गमध्येच ठिकठिकाणी तुटते.

आता या संगीताची रचना आतून कशी चालते ते सांगतो, कारण उसनवारी नेमकी कशाची झाली हे त्याशिवाय समजणार नाही. तुमच्यापैकी एकाने लहानपणी भजनी मंडळात पेटी शिकल्याचे लिहिले आहे, म्हणून मी आपल्याच स्वरनामांत बोलतो. मेलोडेथची, म्हणजे मेलोडिक डेथ मेटलची, बरीचशी सुरावट ज्या स्वरांवर उभी असते, ते स्वर आपल्या आसावरी थाटाचे आहेत: गांधार, धैवत आणि निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. पहिली गिटार या स्वरांतून एक ओळ वाजवते आणि दुसरी गिटार तीच ओळ त्याच सप्तकातील तिसऱ्या स्वरावरून वाजवते. पहिली षड्जावर असेल तर दुसरी कोमल गांधारावर, पहिली ऋषभावर गेली की दुसरी मध्यमावर. हे अंतर प्रत्येक वेळी सारखे राहत नाही. षड्ज, ऋषभ, मध्यम आणि पंचम यांच्यावर ते तीन अर्धस्वरांचे पडते, तर कोमल गांधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद यांच्यावर चार अर्धस्वरांचे. ओळ पुढे सरकते तसतसा उदास आणि उजळ रंग आलटून पालटून डोकावतो, आणि या संगीताची गोडी मुख्यतः येथून येते. ही गोडी गोथेनबर्गच्या कोणा एकाची मालमत्ता नाही, ती ‘आयर्न मेडन’कडून आली आणि त्यांच्याही आधी ‘थिन लिझी’ने ती वाजवली होती.

दुसरी गोष्ट तळाच्या तारेची. गिटारच्या सगळ्या तारा नेहमीपेक्षा दोन स्वर किंवा त्याहूनही खाली उतरवतात, ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जेथे टेकतात तेथे, तळहाताची कड टेकवून जाड तारेवर षड्जाची दबकी धडधड चालू ठेवतात आणि त्या धडधडीच्या मधल्या फटींतून वरचे स्वर काढतात. आपल्याकडे तंबोरा जे काम करतो ते येथे ही तार करते, फक्त ती तालात तुटक तुटक वाजते. तिसरी गोष्ट समेवर येण्याच्या पद्धतीची: कोमल धैवत, कोमल निषाद आणि मग षड्ज. ही तीन पावले इतक्या मेलोडेथ गाण्यांत आहेत, की मी शिकवताना विद्यार्थ्यांना पहिला महिनाभर ती वापरू देत नाही. त्यांच्याशिवाय ओळ कशी संपवायची हे शोधायला लागले, की बोटे स्वतःहून विचार करू लागतात.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे गळा आणि वाद्य यांच्या कामांची अदलाबदल. आपल्याकडच्या भजनात पेटी गळ्याच्या मागे चालते. मेलोडेथमध्ये गळा सुरावट सोडून देतो, तो किंचाळतो किंवा गुरगुरतो, म्हणजे एका अर्थाने ठेका धरतो, आणि गाण्याचे काम गिटार करते. याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही. ज्या गाण्यात सुरावट शब्दांना बांधलेली असते, ते गाणे त्या भाषेबाहेरच्या माणसाला अर्धेच पोचते. येथे सुरावट शब्दांपासून सुटी आहे आणि शब्द तर इंग्रजी बोलणाऱ्यालाही छापील कागद हातात घेतल्याशिवाय नीट लागत नाहीत. परभणीच्या ज्या मुलाचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, तो हे संगीत ऐकताना डेट्रॉइटच्या मुलापेक्षा फारसा मागे नसतो. हा प्रकार जगभर इतक्या वेगाने का पसरला आणि तो इतक्या ठिकाणी जवळजवळ जसाच्या तसा का वाजवला गेला, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला यात दिसते.

‘ॲट द गेट्स’कडे वळू. १९९२ चा त्यांचा ‘द रेड इन द स्काय इज अवर्स’ जरूर ऐका. त्यात व्हायोलिन आहे, ताल मध्येच दिशा बदलतात, रिफ, म्हणजे गिटारवरचे छोटे तुकडे, एकदा येऊन परत दिसत नाहीत आणि पहिल्या ऐकण्यात हाताला काही लागत नाही. त्या काळातील विचित्र, वाकड्या रचनांमागे गिटारवादक आल्फ स्वेन्सन याचा मोठा वाटा होता आणि १९९३ च्या दुसऱ्या अल्बमनंतर तो बँडमधून बाहेर पडला. १९९५ पर्यंत बँडमधल्या पाच जणांनी जवळजवळ सगळे वळसे काढून टाकले. ‘स्लॉटर ऑफ द सोल’ सुमारे ३४ मिनिटांचा आहे; त्यात गाणी आखूड आहेत, रिफ चार वेळा येतो आणि बाजूला होतो, ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमवरचा अतिवेगवान सलग मारा, जवळजवळ नाही आणि ड्रमवादक एड्रियन एर्लंडसन बहुतेक वेळ सरळ, पंकच्या अंगाने धावणारा ठेका धरतो. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो तो अल्बमही स्वतःच्याच आधीच्या कामाचा, ‘कार्कस’चा आणि थ्रॅश मेटलचा आटवलेला अर्क आहे. दूध आटवून खवा केला, की त्याला दूध पातळ होते तेव्हाच खरे होते असे आपण म्हणत नाही. पण दुधातले काही खव्यात राहत नाही हेही खरे आहे. मला स्वतःला १९९२ चे ते व्हायोलिन आजही हवेसे वाटते.

‘स्लॉटर ऑफ द सोल’ प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, बँड मोडला. ‘अनहॅलोड’च्या लोकप्रियतेचे पहिले कारण या रिकाम्या जागेत आहे. पुढची सहा-सात वर्षे या अल्बमची मागणी वाढत गेली आणि तो वाजवून दाखवणारे मात्र कोणी उरले नव्हते. ‘इन फ्लेम्स’ने २००२ च्या ‘रीरूट टू रिमेन’मध्ये साफ गळ्याचे गायन आणि नव्या अमेरिकी रॉकची वळणे स्वीकारली होती, आणि स्वीडनच्याच ‘सॉइलवर्क’नेही त्याच वर्षी त्याच दिशेने पाऊल टाकले होते. दुकान उघडे होते, गिऱ्हाईक दारात होते आणि जुना माल बनवणारे कारागीर दुसऱ्या धंद्यात गेले होते. अशा वेळी २००१ मध्ये मिशिगनमध्ये जमलेल्या ‘द ब्लॅक डालिया मर्डर’च्या पोरांनी तोच माल ताजा करून मांडला. त्याच २००३ साली वॉशिंग्टनच्या ‘डार्केस्ट अवर’ने तर थेट गोथेनबर्ग गाठले, स्टुडिओ फ्रेडमनमध्ये नॉर्डस्ट्रॉम यांच्याकडूनच अल्बम करून घेतला आणि ‘ॲट द गेट्स’च्या टॉमस लिंडबर्ग आणि अँडर्स ब्यॉर्लर यांना पाहुणे म्हणून बोलावले. उसनवारी इतकी उघड होती, की तिला चोरी म्हणताच येत नाही. तो गुरूच्या घरी जाऊन घेतलेला पाठ होता.

मी स्वतः ही सगळी नावे उलट्या क्रमाने ऐकली, आणि ती हकीकत येथे सांगणे योग्य होईल. २००४ च्या सुमारास एक मित्र मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने येताना एमपी-थ्रीने भरलेल्या दोन सीडी घेऊन आला. त्यातील निम्म्या फायलींची नावे चुकलेली होती. एका बँडचे गाणे दुसऱ्याच्या नावावर होते आणि कित्येकांना तर नुसते आकडे होते. सुमारे वर्षभर मी ‘ॲट द गेट्स’, ‘डार्केस्ट अवर’ आणि ‘द ब्लॅक डालिया मर्डर’ यांची गाणी कोणाची कोणती हे न कळता ऐकत होतो, वाजवत होतो आणि शिकवतही होतो. त्या वर्षात मला जी तीन गाणी सर्वांत जास्त आवडली, त्यांतील दोन नंतर अनुयायांची निघाली. मूळ अल्बम हाती आल्यावर त्याची धार मला जाणवली, त्याच्यापुढे आदराने मान लववाविशी वाटली. पण त्या दोन गाण्यांची गोडी त्यामुळे कमी झाली नाही. कानाला वंशावळ माहीत नसते. ती माहीत करून घेणे अभ्यासकाला आवश्यक आहे, परंतु तिच्या अभावी मिळालेला आनंद खोटा ठरत नाही. म्हणून तुमच्या कानांत दोष नाही, हे मी निःशंकपणे सांगतो.

लोकप्रियतेची इतर कारणे लवकर सांगून होतील. ‘द ब्लॅक डालिया मर्डर’ हा बँड फिरता होता, सतत फिरता. २००५ च्या ऑझफेस्ट या फिरत्या मेटल महोत्सवाच्या दुसऱ्या मंचावर तो होता आणि तेथे अशा संगीताशी कधीच संबंध न आलेल्या श्रोत्यांनी त्याला ऐकले. गाणी आटोपशीर होती. गायक ट्रेव्हर स्ट्रनाड स्वतः या संगीताचा आधी निस्सीम श्रोता होता आणि ते प्रेम मंचावरून लपत नसे. २०२२ मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघांनी त्या दिवशीचा तास न घेता केवळ त्याची गाणी ऐकू द्यावीत अशी विनंती केली होती आणि मी ती मान्य केली. शिवाय अनुयायांनी मूळ बँडचे नुकसान केले असेही दिसत नाही. अमेरिकेतील या पिढीमुळे ‘स्लॉटर ऑफ द सोल’ नव्या श्रोत्यांपर्यंत पोचला, २००८ मध्ये ‘ॲट द गेट्स’ पुन्हा मंचावर आला आणि २०१४ मध्ये त्याने नवा अल्बम काढला. कर्ज घेणाऱ्याने सावकाराची पेढी पुन्हा चालू करून द्यावी, असे क्वचितच घडते.

आता ‘अनहॅलोड’मध्ये जे घेता आले नाही त्याकडे येतो. ‘ॲट द गेट्स’चा गायक लिंडबर्ग याचा गळा एकच होता, पण तो फाटका, उंच आणि असा काही कासावीस होता, की शब्द कळले नाहीत तरी माणूस काठावर उभा आहे हे कळे. तो गळा उसना मिळत नाही. पेडल विकत घेता येते, एकाच स्पीकरसमोर दोन एसएम ५७ मायक्रोफोन, एक सरळ आणि एक सुमारे ४५ अंशांत कलता, असे लावण्याची जी पद्धत आज फ्रेडमनच्या नावाने ओळखली जाते तीही कोणालाही करून पाहता येते, मी ती रोज करतो. गळ्याचे तसे नाही. स्ट्रनाडने त्या जागी दोन गळे आणले, एक टोकदार किंचाळी आणि एक खोल गुरगुर, आणि एकाच ओळीत तो एकातून दुसऱ्यात जाऊ लागला, जणू दोन माणसे एकमेकांचे बोलणे तोडत आहेत. हे स्वीडिश नव्हते, त्यामागे अमेरिकी डेथ मेटलचे वळण होते. तसेच एर्लंडसनच्या सरळ धावण्याऐवजी त्यांच्या ड्रमवादकाने जागोजागी ब्लास्ट बीट घातला, ज्यामुळे उसन्या रिफखालची जमीनच बदलली. ‘अनहॅलोड’मध्ये हे दोन भाग अजून सांधलेले वाटत नाहीत, वरचे गोथेनबर्ग आणि खालचे अमेरिका वेगवेगळे ऐकू येतात. २००७ च्या ‘नॉक्टर्नल’पर्यंत मात्र ते एकजीव झाले आणि तेथून पुढे हा बँड दहा सेकंदांत ओळखू येतो. माझ्या मते ‘अनहॅलोड’ हा चांगला अल्बम आहे, थोर नाही. परंतु थोर अल्बमाचे बी त्यात जेथे पडले होते ती जागा म्हणजे जेथे नक्कल फसली तीच.

आपल्याकडे याचे उदाहरण फार जवळ आहे. बीबी का मकबरा पाहिलेला प्रत्येक पाहुणा पहिल्या मिनिटाला ताजमहालाशी तुलना करतो आणि दुसऱ्या मिनिटाला निराश होतो. तो बांधणारा अताउल्ला हा ताजच्या प्रमुख वास्तुविशारदाचा, उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा मानला जातो, म्हणजे येथेही उसनवारी घरातलीच होती. संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला पुरला, बाकीचे काम चुन्याच्या गिलाव्यात करावे लागले. परंतु सकाळच्या तिरप्या उन्हात त्या गिलाव्यातील वेलबुट्टी जवळून पाहा. दगडात जे इतक्या हलक्या हाताने उतरले नसते, ते ओल्या चुन्यात उतरले आहे. मी या शहरात वाढलो, त्यामुळे असेल, पण सामग्री कमी पडली तेथे कारागिराचा स्वतःचा हात दिसतो, ही गोष्ट मी संगीत शिकण्याच्या आधी त्या भिंतीवर पाहिली होती.

याचा अर्थ प्रत्येक उसना अल्बम चांगला असतो असा मुळीच नाही, आणि या बाबतीत मी तुमच्या मित्राच्या बाजूने थोडे बोलले पाहिजे. २००३ नंतरच्या काही वर्षांत असे अनेक अल्बम आले ज्यांत काहीच कमी पडलेले नव्हते. स्वर तेच, समेवर येणे तेच, गिटारचा आवाज तोच, गळाही तसाच घासून तयार केलेला. ते ऐकताना चूक सापडत नाही आणि ऐकून झाल्यावर आठवतही नाही. मी विद्यार्थ्यांना दोन परीक्षा सांगतो. पहिली, रिफ पेटीवर निम्म्या वेगाने वाजवा. डिस्टॉर्शन (गिटारचा फाटलेला आवाज), वेग आणि ड्रम निघून गेल्यावर जी ओळ उरते तिला चाल म्हणता येते का ते पाहा. ‘स्लॉटर ऑफ द सोल’मधील बहुतेक ओळी या परीक्षेत टिकतात, ‘अनहॅलोड’मधील निम्म्याहून अधिक टिकतात. दुसरी परीक्षा उलटी आहे: दोन्ही गिटार बंद करून फक्त ड्रम आणि गळा ऐका, आणि बँड ओळखू येतो का ते पाहा. उसना माल बहुधा गिटारमध्ये असतो, म्हणून घराचा स्वतःचा माल दुसऱ्या परीक्षेत दिसतो. वारकरी भजनात एकाच चालीवर कितीतरी अभंग म्हटले जातात आणि चाल ओळखीची आहे म्हणून कोणी उठून जात नाही, कारण लोक ती चाल कोण आणि कशी म्हणतो हे ऐकायला बसलेले असतात.

येथे एक धोक्याची सूचना देणे मला आवश्यक वाटते. आपल्या मातीतले काहीतरी घालायचे म्हणून गोथेनबर्गच्या रिफवर संबळाचा नमुना चिकटवणे किंवा मध्येच गोंधळाची एक ओळ टाकणे, हा उपाय माझ्याकडे दर वर्षी कोणी ना कोणी घेऊन येतो. तो बहुधा फसतो. एका उसन्या गोष्टीवर दुसरी उसनी गोष्ट ठेवल्याने दोन उसन्या गोष्टी होतात. संबळ ज्याने देवीच्या दारात तासन्‌तास उभे राहून ऐकला नाही, त्याच्या हातातला संबळ गोथेनबर्गइतकाच परका असतो.

आता तुमची तीन गाणी. पहिले गाणे स्वच्छ वाजवलेले आहे आणि ते पेटीच्या परीक्षेत टिकत नाही. त्यातील चारही रिफ कोमल धैवत, कोमल निषाद, षड्ज असेच संपतात, त्यामुळे तीन मिनिटांत कान बारा-तेरा वेळा एकाच दारातून बाहेर पडतो. दोन रिफ पंचमावर अर्धवट सोडून पाहा. तिसऱ्या गाण्यातील जोडगिटारची ओळ सुंदर आहे, परंतु दुसरी गिटार प्रत्येक ठिकाणी सरसकट तीन अर्धस्वर वर वाजवली आहे, म्हणून कोमल गांधारावर, कोमल धैवतावर आणि कोमल निषादावर ती खटकते. वर सांगितलेले अंतर तेथे चार अर्धस्वरांचे करा, ओळ लगेच उजळेल.

दुसऱ्या गाण्याबद्दल तुम्ही संकोचाने लिहिले आहे, की मधल्या भागात तुमच्या ड्रमवादकाला ब्लास्ट बीटचा वेग पेलला नाही, त्यामुळे तो निम्म्या वेगावर उतरला आणि ‘काहीतरी हलगीसारखे’ वाजवू लागला. म्हणून तो भाग काढून संगणकावर ड्रम बसवण्याचा तुमचा विचार आहे. मी तो भाग सहा वेळा ऐकला. त्याचा उजवा हात हलगीच्या जाड टिपरूसारखा जड, मोजका पडतो आणि डाव्या हाताने तो स्नेअर या छोट्या ड्रमवर बारीक काडीची थरथर भरून काढतो, आणि वरची गिटार आपल्या जुन्या वेगानेच चालू राहते. तेथे गोथेनबर्ग पूर्णपणे थांबते. ते त्याने ठरवून केले नाही, लहानपणापासून मिरवणुकीत जे ऐकले ते हात थकल्यावर बाहेर आले, आणि तुमच्या तीन गाण्यांच्या अकरा मिनिटांत दुसऱ्या परीक्षेत टिकणारा तेवढाच भाग आहे. तो काढू नका. संगणकाचे ड्रम बसवू नका. उलट तो आठ मात्रांचा तुकडा दुप्पट लांब करा, त्याच्याखालून तळाच्या तारेची धडधड काढून घ्या म्हणजे त्याला जागा मिळेल, आणि तुमच्या ड्रमवादकाला तो भाग न थकता, ताज्या हाताने वाजवता येईपर्यंत तालीम करू द्या. स्नेअरचे कातडे जरा अधिक ताणून बांधा. हलगी वाजवणारे ती आधी जाळावर शेकून घेतात ते त्याच कारणासाठी. झाल्यावर हे एकच गाणे मला पुन्हा पाठवा, शक्य असेल तर गिटारशिवाय.